मागच्या दाराचा प्रश्न

सोमवार, ३ मार्च

आज पुन्हा मला खोलीबाहेर काढलं. बाई म्हणाल्या, "जा रे, चहाचं बघ." चहा टेबलावर वाफाळत होता. त्यात आणखी काय बघायचं? दार लागलं, आणि आत बाई नि चष्मे उद्याचे पुरवणी प्रश्न ठरवत बसले.

बाई म्हणजे विरोधी पक्षाच्या नेत्या. सगळी संसद त्यांना नुसतं 'बाई' म्हणते. सत्ताधारी दात खाऊन म्हणतात एवढाच फरक. चष्मे म्हणजे त्यांचे सचिव. एक चष्मा नाकावर, एक कपाळावर, आणि तरी दिवसभर तिसरा शोधत असतात. आणि मी म्हणजे कॉलेज अर्ध्यात सोडून इथे कात्रणं कापायला बसलेला हुतात्मा.

मुख्य प्रश्न आधी लेखी द्यावा लागतो. त्याचं उत्तर सरकारकडून छापून येतं. ते म्हणजे धुतलेलं, इस्त्री केलेलं खोटं. खरी मजा पुढे. उत्तर आलं की सभागृहात उभं राहून तोंडी पुरवणी प्रश्न टाकायचा. तो आधी कुणालाच ठाऊक नसतो, म्हणून मंत्र्याची तिथल्या तिथे दाणादाण उडते. त्यामुळे पुरवणी प्रश्न जिवापलीकडे जपायचा. पहिल्याच दिवशी बाईंनी मला बजावलं होतं, "या खोलीत ऐकलेलं या खोलीतच गिळायचं."

गिळायला आधी ताटात तरी पडू द्या!

पण दाराची फट मोठी आहे. उद्या त्या जळालेल्या वसतिगृहावर विचारणार आहेत. आग विझवायची नळकांडी शेवटची कधी भरली होती, असं.

मंगळवार, ४ मार्च

ती आज कॅन्टीनमध्ये रांगेत माझ्या पुढे होती. निळी ओढणी. कॅन्टीन दोन्ही बाजूंचं एकच आहे, तिथे पक्ष नसतो, नुसती भूक असते. ती लोण्याच्या ऑफिसात काम करते. लोणी म्हणजे समाजकल्याण मंत्री. आवाज असा गुळगुळीत की माशी बसली तर घसरेल. एवढ्या सुंदर मुलीने त्या माणसाच्या फाइली सांभाळाव्यात, यापरता अन्याय नाही.

चहाचे दोन कप घेऊन मी तिच्यासमोर बसलो. काहीतरी वजनदार बोलायला हवं होतं. म्हटलं, "आज तुमच्या साहेबांची नळकांडी बाहेर काढणार आहोत. शेवटची कधी भरली होती, विचारणार आमच्या बाई."

ती कप तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हे मला सांगू नकोस."

"का?"

"मी तिकडे काम करते. ऐकलं की मला साहेबांना सांगावं लागतं. पगार त्याचाच आहे."

"सांग की!" मी हसलो. तीही हसली असती, पण तिचा चहा संपला होता.

दुपारी लोण्याने उभं राहून नळकांडी भरल्याची तारीख खडाखडा म्हणून दाखवली. बाईंचा प्रश्न फुसका गेला. कुणीतरी फितूर आहे, हे नक्की! माझा संशय चष्म्यांवर आहे. इतके चष्मे बाळगणारा माणूस सरळ नसतो.

शनिवार, ८ मार्च

बाईंबरोबर वसतिगृह बघायला गेलो. नोकरी करणाऱ्या मुलींचं सरकारी वसतिगृह. हिवाळ्यात आग लागली, चौघी गेल्या. पुढच्या जिन्यात धूर होता म्हणून त्या मागच्या दाराकडे धावल्या, आणि दाराला बाहेरून कुलूप.

दार अजून तिथेच आहे. आतल्या बाजूला तळव्यांचे काळे ठसे. वर वर नाहीत, खालच्या अर्ध्यात आहेत. शेवटी त्या बसून ढकलत असणार. तिथल्या अधीक्षिकेला मी विचारलं, "कुलूप कुणी लावायला सांगितलं?" ती भिंतीकडे बघून म्हणाली, "मला काही माहीत नाही." मी ओरडलो. बाईंनी माझा दंड धरून बाहेर काढलं. "ओरडून तिच्या तोंडातून काही निघणार नाही. तिला नोकरी आहे, दोन पोरं आहेत. सूचना वरून आली, हे मला कळतंय. पण कागद नाही, तोंडी आहे. तोंडी गोष्ट त्याच्याच तोंडून काढावी लागेल."

संध्याकाळी जेवताना दाजींनी काडी टाकलीच. (मी ताईकडे राहतो, म्हणजे दाजींचं ऐकणं भाड्यात धरलेलं आहे.) "तुझ्या बाईला म्हणावं, मंत्र्याने काय स्वतः जाऊन आग लावली?" मी ताट सरकवलं. ताई म्हणाली, "अन्नावर कशाला राग?" मी म्हटलं, "अन्नावर नाही, अन्नदात्यावर!" दाजी हसले. त्यांचं हसणं मला बघवत नाही. त्या दाराबद्दल मी त्यांना सांगितलं नाही. त्यांची ती लायकी नाही.

सोमवार, १० मार्च

तिला सांगितलं. ठशांचं. कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला झोप येत नव्हती.

तिने हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाली, "नोकरी लागली तेव्हा मी त्याच वसतिगृहात होते. मागच्या वर्षीपर्यंत. मागच्या अंगणात आम्ही कपडे वाळत घालायचो."

"मग तू वाचलीस!" मी म्हटलं.

"माझ्या खोलीतली वाचली नाही," ती म्हणाली. "खालच्या अर्ध्यात म्हणालास ना ठसे?"

मी हो म्हटलं. ती उठून गेली. ट्रे तसाच टाकून गेली, एरवी ती ट्रे जागेवर ठेवल्याशिवाय हलत नाही. किती हळवी आहे! मी मागून जाऊन म्हटलं, "घाबरू नकोस, मी आहे." ती म्हणाली, "हो, दिसतोयस."

दिसतोयस! म्हणजे आता मी तिच्या नजरेत भरलोय.

बुधवार, १२ मार्च

आजचा दिवस सोन्याचा. बाई चष्म्यांना काही सांगणार होत्या. मी सवयीने दाराकडे निघालो, तर म्हणाल्या, "तू थांब. दार लाव. बस." चष्म्यांनी दोन्ही चष्म्यांतून माझ्याकडे बघितलं. जळले असणार.

मंगळवारच्या प्रश्नांच्या यादीत आमचा वसतिगृहाचा प्रश्न आहे. छापील प्रश्नात बाईंनी सरळच विचारलंय की मागच्या दाराला कुलूप लावायची सूचना विभागाने दिली होती, हे खरे आहे काय? छापून येणारं उत्तर काय असणार, ते शेंबडं पोरही सांगेल. पुरवणी प्रश्न बाईंनी सावकाश, माझ्याकडे बघत सांगितला: "वसतिगृहाचा चौकीदार मंत्रिमहोदयांच्या मेव्हण्याने कामावर लावलेला आहे, आणि आगीच्या दिवशी तो मागच्या दाराची चावी खिशात घालून घरी गेला होता, हे खरे आहे काय?"

मी टाळीच वाजवली. मेव्हणा! थेट घरात घुसून थोबाडीत!

"पण बाई," चष्मे म्हणाले, "चौकीदार चावी घेऊन गेला, याला पुरावा..."

"प्रश्नाला पुरावा लागत नाही, उत्तराला लागतो," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "कुठे बोलायचं नाही हं."

"जीभ कापून देईन," मी म्हटलं.

"नको, राहू दे तोंडात," बाई म्हणाल्या. किती विश्वास!

गुरुवार, १३ मार्च

मी सांगणार नव्हतो. देवाशपथ नव्हतो. पण तिने विचारलं, "आज एवढा फुगलायस कशाने?" आणि मला राहवेना. आता मी खोलीच्या आतला माणूस आहे, हे तिला कळायला नको?

ऐकून तिने हातातलं बिस्कीट खाली ठेवलं. "परत सांग. नेमके शब्द."

मी नेमके शब्द सांगितले, बाईंच्या आवाजात.

"मेव्हणा म्हणणार? असंच?"

"असंच!"

"मग साहेब चवताळणार," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "मेव्हण्यावर गेलं की त्यांना पुढचं मागचं दिसत नाही. आणि तो चौकीदार चावी खिशात घालणारा नव्हताच. रोज दिवेलागणीला कुलूप लावून चावी वर अधीक्षिकेकडे नेऊन द्यायचा. आम्ही कितीदा भांडलो त्याच्याशी. म्हणायचा, मला सांगितलंय तसं करतो, पोरींनो."

"तुझे साहेब काय उत्तर देतील?"

"मी लिहून देईन ते. ते आधी काही वाचत नाहीत. सभागृहात उभे राहिले की फाइलमध्ये मी खूण लावलेलं पान उघडायचं आणि आवाज चढवून वाचायचं. वर्षभर हेच चाललंय." मग तिने मान वर केली. "तुला माहितेय ना, हे मी साहेबांना सांगणार आहे?"

"बरं बरं," मी म्हटलं. असं रोखून बघत म्हणते की आतून गुदगुल्या होतात. ती कसली सांगते! माझं नुकसान होईल असं काही तिच्या हातून व्हायचं नाही. जाताना स्वतःहून म्हणाली, "थँक्यू." चहाचे पैसे तिने दिले होते, तरी थँक्यू तीच म्हणाली. यावरून काय ते समजावं.

मंगळवार, १८ मार्च

आजचं आजच लिहितो.

मी प्रेक्षक सज्जात होतो. समोर अधिकाऱ्यांच्या सज्जात ती, हात मांडीवर ठेवून ताठ बसलेली. सकाळी छापील उत्तर आलंच होतं. भाग दोन, दाराला कुलूप लावण्याची सूचना विभागाने दिली होती काय: हे खरे नाही. पूर्णविराम.

बाई उठल्या. मेव्हण्याचा प्रश्न टाकला. शब्दन् शब्द तोच. सत्ताधारी बाकांवर आग्यामोहोळ उठलं. "शेम शेम!" "मागे घ्या!" "घरच्यांना कशाला आणता?" एक जाडा सदस्य बाकावर उभा राहायला गेला आणि त्याला दोघांनी धरून बसवलं. लोणी मात्र शांत. त्या माणसाने फाइल उघडली, खूण लावलेलं पान काढलं आणि हसला. म्हणजे त्याला माहीत होतं! तिने सांगितलं होतं! मी कठडा असा आवळला की बोटं पांढरी पडली.

"अध्यक्ष महोदय," लोण्याने आवाज चढवला, "माझ्या नातलगाला चिखलात ओढण्याचा हा हीन प्रकार आहे! सन्माननीय सदस्यांनी कान उघडे ठेवून ऐकावं. तो चौकीदार निर्दोष आहे! विभागाने दिलेल्या तोंडी सूचनेप्रमाणे तो मागच्या दाराला रोज संध्याकाळी कुलूप लावत असे आणि चावी अधीक्षिकांकडे जमा करत असे. आगीच्या दिवशीही चावी तिथेच होती. त्याच्या खिशात नव्हती! आता तरी बाईंनी माफी मागावी!"

बाकं धडाधडा वाजली. "माफी मागा! माफी मागा!" मला वाटलं खाली उडी मारून त्याचा गळा धरावा.

बाई उभ्याच होत्या. आवाज थांबायची वाट बघत होत्या. मग इतक्या हळू बोलल्या की सगळं सभागृह पुढे झुकलं. "अध्यक्ष महोदय, माफी मागते. चौकीदाराची. आता मंत्रिमहोदयांनी स्वतःच्या छापील उत्तराचा भाग दोन वाचावा. विभागाने सूचना दिली, हे खरे नाही. आत्ता सांगितलं, सूचना दिली होती. चौघी त्या दाराशी मेल्या. त्या यांतल्या कुठल्या उत्तराने मेल्या, तेवढं सांगावं."

लोण्याने पानाकडे बघितलं. मग छापील कागदाकडे. मग परत पानाकडे. तोंड उघडलं, आणि त्यातून लोणीही निघालं नाही. आमच्या बाकांवरून कुणीतरी ओरडलं, "वाचा ना, पुढचं पान वाचा!" अध्यक्ष घंटा बडवत राहिले. त्या गोंधळात मी समोर बघितलं. तिने डोळे मिटले होते.

बुधवार, १९ मार्च

लोण्याने राजीनामा दिला. सभागृहाची दिशाभूल केली म्हणून. सूचना कुणी, का दिली याची न्यायालयीन चौकशी लागली आहे. दाजी काल टीव्ही बंद करून झोपायला गेले. मला आनंद व्हायला हवा.

पण ऑफिसात पेढे नव्हते आणि गडबडही नव्हती. मी आत शिरताना बाई बोलत होत्या, "मला एवढंच हवं होतं की मेव्हण्यासाठी त्याने तोल सोडावा, एखादा शब्द घसरावा. त्याने तर ताटच वाढून दिलं."

"त्याने नाही हो," चष्मे म्हणाले. "वाढणारा हात वेगळाच आहे."

"कळलं मला," बाई म्हणाल्या. "सांभाळायला हवं तिला." मी दिसलो तसे दोघेही कागद आवरायला लागले.

आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मला थांबवलं, दार लावायला लावलं, माझ्याकडे बघत सावकाश सांगितलं! त्यांना ठाऊक होतं, मी तिला सांगणार!

"तुम्ही मला वापरलंत!" मी ओरडलो.

"हो," बाई म्हणाल्या. "ओरडू नकोस, दार उघडं आहे."

"मी सगळ्यांना सांगीन, तुम्ही सापळा लावलात!"

"सांग ना. तो काय म्हणेल? सापळ्यात सापडलो म्हणून खरं बोललो? त्याचे स्वतःचे लोक त्याला हसतील." मग म्हणाल्या, "नळकांड्यांच्या वेळी चष्म्यांनी तुला कॅन्टीनमध्ये बघितलं होतं. मी तुला काढून टाकणार होते. हे म्हणाले, गळका नळ फेकून कशाला द्यायचा, बादली कुठे ठेवायची ते बघू."

गळका नळ! मी खुर्चीला लाथ मारली. खुर्ची लोखंडाची निघाली. अंगठा काळानिळा झाला आहे.

शुक्रवार, २१ मार्च

तिला निलंबित केलंय. विभागातच चौकशी. आरोप असा की छापील उत्तर तिच्याच टेबलावरून गेलं होतं, तरी तिने त्याच्या उलट मजकूर मुद्दाम साहेबांच्या हातात दिला. मुद्दाम! ती? मुंगीला वळसा घालून जाणारी मुलगी!

मी सगळं जुळवून बघितलं. बाईंनी मला फसवलं, मी नकळत तिला, आणि तिने बिचारीने घाईघाईत जे आठवलं ते लिहून दिलं. छापील उत्तराशी ताडून बघायचं राहून गेलं तिच्याकडून. हे मोठ्यांचे डाव आणि चिरडायचं कुणी, तर तिने. मी हे होऊ देणार नाही.

सोमवार, २४ मार्च

चौकशीच्या खोलीत घुसलो. शिपाई म्हणाला, बोलावल्याशिवाय जाता येणार नाही. मी म्हटलं, मग तू बोलाव. तो विचार करेपर्यंत मी आत होतो.

टेबलामागे तीन अधिकारी, समोर ती. मी म्हटलं, "साहेब, मला बोलायचंय. प्रश्न मी फोडला. हिने चोरला नाही, विकत घेतला नाही, उलट मला म्हणाली, सांगू नकोस. आणि मुद्दाम कसलं? हिला राजकारणातलं ओ की ठो कळत नाही! भोळी आहे हो. दोन उत्तरं एकमेकांच्या विरुद्ध जातायत, हे तिच्या लक्षातच आलं नसणार. अक्षर चांगलं आहे, बाकी डोकं साधं. हिच्यावर कट केल्याचा आरोप म्हणजे हसू येईल लोकांना!"

मधल्या अधिकाऱ्याने तिला विचारलं, "हे म्हणतात ते खरं आहे? तुमच्या लक्षात आलं नाही?"

तिने माझ्याकडे बघितलं. डोळे एवढे मोठे झाले होते. मग मान खाली घातली, ओढणी तोंडावर धरली, खांदे गदागदा हलायला लागले. रडत होती बिचारी. शेवटी कसंबसं म्हणाली, "साहेब, हे म्हणतात तर तसंच असेल."

तिघे अधिकारी एकमेकांकडे बघून मोकळे झाल्यासारखे दिसले. एकाने कागदावर 'नजरचूक' लिहिलं. उलटं वाचता येतं मला, कात्रणांच्या कामाने तेवढं शिकवलंय.

बुधवार, २६ मार्च

तिची नोकरी वाचली. नुसती बदली, तीही दूरच्या जिल्ह्यात, जुन्या कागदांच्या खोलीत.

माझी गेली. बाईंनीच सांगितलं. "गळका नळ सगळ्यांना माहीत झाला. आता त्याच्याखाली कुणी बादली घेऊन यायचं नाही." मी म्हटलं, मीच राजीनामा देणार होतो. "दे की," म्हणाल्या, "तुझा स्वीकारला जाईल." मी दारापर्यंत गेलो तेव्हा मागून म्हणाल्या, "सोमवारी तिला वाचवलंस. कसं वाचवलंस ते तुला कळायचं नाही, पण चांगलं केलंस." ही बाई साधं कौतुकही बोचल्याशिवाय करू शकत नाही. मी वळून बघितलं नाही.

चष्मे जिन्यापर्यंत आले. "कॉलेज पुरं कर रे बाबा." मी म्हटलं, तुम्ही आधी चष्मा शोधा.

शनिवार, २९ मार्च

दुपारच्या बसने गेली. मी स्टँडवर गेलो होतो. आई आणि ती, दोन बॅगा. बॅग उचलून वर टाकली, तर आई म्हणाली, "हाच का तो?" ती म्हणाली, "हाच." आईने माझ्याकडे असं बघितलं की मला तिच्या पाया पडावंसं वाटलं.

मी म्हटलं, "माझ्यामुळे तुझं नुकसान झालं."

"नाही झालं."

"बाईंनी फसवलं आपल्याला. तुझ्याकडून चूक होणं साहजिक होतं. मी मनात काही धरलेलं नाही."

ती हसली. पहिल्यांदाच अशी, दात दिसतील अशी. मग हसू ओसरलं आणि ती माझ्या अगदी जवळ येऊन म्हणाली, "ऐक. तुला एक गोष्ट सांगायला हवी. त्या दिवशी ते पान लिहिताना..." आणि थांबली.

"सांग ना!"

"नको. तुझ्या तोंडी तीळ भिजत नाही. तुला सांगायचं म्हणजे चौकात बोर्ड लावायचा." आणि तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला, एखाद्या शहाण्या मुलाच्या डोक्यावर ठेवावा तसा, आणि चढली. खिडकीतून हात हलवला. बस वळेपर्यंत हलवत होती.

ते पान लिहिताना तिच्या मनात कोण होतं, हे न कळायला मी काही दूधखुळा नाही. मुलींना असलं तोंडाने बोलणं जड जातं.

तिकडचा पत्ता तेवढा द्यायचा राहिला तिच्याकडून. घाईत असलं की हिचं असंच होतं.